सरकारजमा न झालेला शोक

ज्या बाईवरून कादंबरीतली आना क्वांगेल उभी राहिली, तिचा मुलगा लढाईत गेलेला नव्हता. भाऊ गेला होता. हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. हान्स फालाडाची ‘येडर श्टिर्ब्ट फ्यूर झिश अलाइन’ (जो तो आपापला एकटाच मरतो) ही कादंबरी ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणून वाचली जाते, आणि तसे वाचताना लेखकाने सत्य कुठे सोडले, का सोडले, इकडे कुणी पाहत नाही. पुत्रशोकाने पेटलेली एक बाई हुकूमशाहीच्या विरोधात उभी राहते ही या कादंबरीची कुळकथा. त्यातला ‘पुत्र’ लेखकाने आणलेला आहे.

घडले ते असे. एलिझे हांपेल बर्लिनच्या वेडिंग या कामगारवस्तीत राहायची आणि घरकामाला जायची. नवरा ओटो कारखान्यात कामगार. १९४० साली एलिझेचा भाऊ फ्रान्समध्ये मारला गेला. त्या सप्टेंबरपासून हे जोडपे साध्या पोस्टकार्डांवर हिटलरच्या विरोधात चार ओळी लिहू लागले. कार्डे टपालात टाकायची नाहीत, दुसऱ्यांच्या इमारतींच्या जिन्यांत, कठड्यांवर, दारांपाशी ठेवून निघून यायचे, असा शिरस्ता. हे दोन वर्षे चालले. दोनशेहून अधिक कार्डे झाली. त्यांची छायाचित्रे आज पाहायला मिळतात: मोठी, वेडीवाकडी, छापील वळणाची अक्षरे, शुद्धलेखनाचा आनंदीआनंद. एका कार्डावर हिटलरच्या चेहऱ्याचे टपाल तिकीट मधोमध डकवले आहे आणि त्या चेहऱ्यावरच ‘कामगारांचा खुनी’ असे लिहिले आहे. ज्याच्या हाती कार्ड पडले त्याने ते घाबरून पोलिसांत नेऊन दिले. जवळजवळ सगळ्या कार्डांची हीच गत झाली. ऑक्टोबर १९४२ मध्ये दोघांना अटक झाली, जानेवारी १९४३ मध्ये देशद्रोहाच्या आणि सैन्याचे मनोधैर्य खच्ची केल्याच्या आरोपाखाली मृत्युदंड झाला, आणि ८ एप्रिल १९४३ रोजी प्लोट्झेनझेच्या तुरुंगात गिलोटिनखाली दोघांची मान उडवण्यात आली. मरणापूर्वी दोघांनी दयेचे अर्ज केले होते आणि त्यांत दोष एकमेकांवर ढकलला होता. हा शेवटचा तपशील बहुतेक लेखांत शेपटीसारखा मागे लपवलेला असतो. मला तो लपवण्याजोगा वाटत नाही. दोन वर्षे जिवावर उदार झालेल्या माणसांना शेवटच्या आठवड्यांत जिवाची आशा सुटली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

युद्ध संपल्यावर हांपेल दांपत्याची गेस्टापोने जमवलेली फाइल कवी योहानेस बेशर यांनी फालाडाच्या हाती ठेवली. बेशर कम्युनिस्ट, रशियातून परतलेले, नव्या जर्मनीच्या सांस्कृतिक घडणीचे एक सूत्रधार. जर्मन माणसांनीही हिटलरला विरोध केला होता हे सांगणारे साहित्य त्यांना हवे होते. फालाडाने आधी अंग काढून घेतले. १९४५च्या अखेरीस त्या प्रकरणावर एक लेख लिहून तो मोकळा झाला. पण फाइलने पिच्छा सोडला नाही. १९४६च्या शरद ऋतूत, दारू आणि मॉर्फिनने पोखरलेल्या शरीरानिशी, त्याने जेमतेम चार आठवड्यांत ही पाचशेहून अधिक छापील पाने भरतील एवढी कादंबरी लिहून काढली. ५ फेब्रुवारी १९४७ रोजी तो वारला. पुस्तक त्यानंतर आले.

हा लेखक कोण होता हे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण कादंबरीतल्या वीरतेची जात त्याच्या चरित्रातून कळते. खरे नाव रुडॉल्फ डिट्झेन, जन्म १८९३, ग्राइफ्सवाल्ड. घर न्यायाधीशाचे. १९११ साली एका मित्राबरोबर त्याने द्वंद्वयुद्धाच्या नावाखाली दोघांनी मरायचे ठरवले. मित्र मेला, हा वाचला. पुढे व्यसने, अफरातफर, दोनदा तुरुंग. १९३२च्या ‘क्लायनर मान, वास नून?’ या कादंबरीने बेकारीच्या काळातल्या एका कारकुनाच्या संसाराची गोष्ट सांगून त्याला जगभर नाव मिळवून दिले. मग हिटलर आला. टोमास मानसारखे लेखक देश सोडून गेले. फालाडा गेला नाही. त्याने मेक्लेनबुर्गमधल्या कार्विट्झ गावी घर घेतले आणि तिथे तडजोडी करत राहिला. १९३८च्या ‘लोखंडी गुस्ताव’ या कादंबरीचा शेवट त्याने गोबेल्सच्या दडपणाखाली नाझींना रुचेल असा वळवून दिला. १९४४ साली घटस्फोटित बायकोशी झालेल्या भांडणात पिस्तूल उडाले आणि त्याची रवानगी वेड्यांच्या कोठडीत झाली; तिथे पहाऱ्याखाली, कागद वाचवत, बारीक अक्षरात त्याने एक कादंबरी आणि नाझी राजवटीतल्या आठवणी लिहिल्या. १९४५ मध्ये रशियन सैन्याने त्याला काही महिने फेल्डबेर्ग गावचा नगराध्यक्षही करून ठेवले! टोपणनावातला ‘फालाडा’ त्याने ग्रिम बंधूंच्या एका कथेतून घेतला होता. त्या कथेत फालाडा नावाच्या घोड्याचे मुंडके तोडून वेशीवर ठोकतात, आणि ते मुंडके तिथूनही खरे बोलत राहते.

म्हणजे प्रतिकारावरची ही थोर कादंबरी लिहिणारा स्वतः प्रतिकारक नव्हता. भीती काय असते, सही करताना हात कसा थरथरतो आणि तरीही सही कशी होते, हे त्याला आतून ठाऊक होते. कादंबरीतली क्वांगेल नवराबायको, ओटो आणि आना, म्हणूनच पुतळ्यांसारखी वाटत नाहीत. दोघे चिडकी आहेत, एककल्ली आहेत. ओटो तर कंजूष आणि माणूसघाणा. फर्निचरच्या कारखान्यात फोरमन. युद्ध लांबते तसा तोच कारखाना शवपेट्या बनवू लागतो, आणि याला त्याचे फारसे काही वाटत नाही.

आता त्या बदलाकडे. एलिझे बहीण होती. भावासाठी राजसत्तेला आव्हान देणाऱ्या बहिणीची गोष्ट युरोपला अडीच हजार वर्षांपासून पाठ आहे. सोफोक्लीझच्या अँटिगनीने क्रेऑन राजाचा हुकूम मोडून भावाच्या प्रेतावर माती घातली. नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये फेब्रुवारी १९४४ मध्ये आनुईची ‘अँटिगनी’ रंगमंचावर आली. ब्रेख्तने १९४८ साली अँटिगनी केली तेव्हा तिला बर्लिनमधल्या दोन बहिणींचा पूर्वप्रवेश जोडला. फालाडाच्या हाती तर खरीखुरी बर्लिनची अँटिगनी फाइलबंद होऊन आली होती, आणि त्याने तिला आई करून टाकले. लेखक एवढी मोठी आयती परंपरा सोडून देतो तेव्हा त्याला दुसरे काहीतरी दिसलेले असते.

मला वाटते, त्याला दिसले ते असे: नाझी राजवटीने बहिणीवर हक्क सांगितलेला नव्हता, आईवर सांगितलेला होता. डिसेंबर १९३८ मध्ये त्या राजवटीने ‘मातृक्रॉस’ नावाचे पदक काढले. चार-पाच मुले झाली की कांस्याचे, सहा-सात झाली की रौप्य, आठ किंवा त्याहून अधिक झाली की सोन्याचे. आईचे पोट हा सरकारी उपक्रम आणि मूल ही सरकारची ठेव. ठेव सरकारने काढून घेतली की रडायचेही सरकारी पद्धतीने. वर्तमानपत्रांत मृत सैनिकांच्या ज्या घरगुती जाहिराती येत त्यांत ‘अभिमानपूर्वक शोकाकुल’ अशा थाटाचे शब्द रूढ झाले होते. मुलगा गेल्याचे दुःख करा, पण ते आमच्या नावे जमा करा, असा हा व्यवहार.

या व्यवहारात बसणार नाही अशी आई फालाडाला हवी होती. आनाला एकच मुलगा, पदकाच्या हिशेबात न बसणारी बाई. घरात लाडाने ‘ओट्टोशेन’ म्हणायचे, बापाचेच नाव त्याला दिलेले. कादंबरीची सुरुवात फ्रान्स पडल्याच्या बातमीच्या दिवसांत होते. प्रेन्झलाउअर बेर्गमधल्या याब्लोन्स्की रस्त्यावरची ५५ नंबरची इमारत. टपालवाली एव्हा क्लूगे जिने चढत येते. खालच्या मजल्यावर पेर्सिके नावाचे कट्टर नाझी कुटुंब विजयाच्या आनंदात पिऊन बसलेले. क्वांगेलांसाठी आलेले पत्र टंकलिखित आहे, मुलाच्या हातचे नाही; एवढ्यावरूनच कळायचे ते कळते. सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी घरांत जुन्या काळी तार आली म्हटले की ती फोडण्याआधीच बायका हंबरडा फोडत. एव्हालाही कळलेले आहे, म्हणून ती पत्र हातात देऊन थांबत नाही, पळते.

पुढचे दीड पान वाचताना सावकाश जावे. पत्रात नेहमीचीच वाक्ये आहेत: चांगला सैनिक होता, चांगला सोबती होता, फ्युररसाठी वीरमरण आले. आना आधी मरणावर रडतच नाही. ती त्या वाक्यांवर तुटून पडते. तिचे म्हणणे असे की हे वर्णन आपल्या मुलाचे नाहीच. आपला मुलगा लाजाळू होता, त्याला लढाई नको होती, आणि ज्यांनी त्याला धड पाहिलेही नाही ते त्याच्याविषयी छापील थापा मारत आहेत. मग ती नवऱ्याकडे वळते आणि हिटलरला सरळ त्याच्या खात्यावर टाकते. तुम्ही दोघांनी मिळून हे केलेत, अशा अर्थाचे बोलते. ओटो नाझी पक्षाचा सदस्य नाही. बेकारीच्या दिवसांनंतर काम मिळाले म्हणून हिटलरविषयी थोडी कृतज्ञता, इतकेच त्याचे राजकारण. त्याला ते वाक्य असे लागते की पुढची सगळी कादंबरी त्या वाक्याला दिलेले उत्तर आहे. पहिले कार्ड लिहायची कल्पना ओटोची, कार्डे लिहिणारा हात ओटोचा, पकडला जाणारा आधी ओटो. समीक्षक म्हणून ओटोला नायक करतात. पण ठिणगी कुठे पडली ते पाहा. हुकूमशहाच्या विरोधातला पहिला उद्गार कुठल्या चौकात किंवा सभेत निघाला नाही. स्वयंपाकघरात, नवऱ्याच्या तोंडावर, रागाच्या भरात निघाला. आनाला त्यात राजकारण करायचे नव्हते. मुलाविषयी खोटे लिहिलेले तिला चालणार नव्हते, बस्स.

आणि पहिल्या कार्डातही ओटो बोलावतो ते आयांनाच. फ्युररने माझा मुलगा मारला, तुमचेही मारणार आहे, असा त्याचा आशय. जेमतेम दोन वर्षांपूर्वी त्याच आयांच्या छातीवर पदके लावायची योजना आखली गेली होती.

कार्डांची योजना ओटो सांगतो तेव्हा आनाची पहिली प्रतिक्रिया निराशेची असते. एवढेच? तिला काहीतरी मोठे हवे असते, हिटलरच्या जिवावर बेतेल असे. ओटो सांगतो की सापडलो तर किंमत तीच मोजायची आहे, काम लहान असो की मोठे. हा संवाद या कादंबरीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो आदर्शवादी नाही. दोन मध्यमवयीन माणसे, बाजारहाट करावा तशी, धोक्याची किंमत ठरवत बसली आहेत. मग रविवारची शिस्त येते: पडदे ओढायचे, हातमोजे घालायचे, एकेक अक्षर काढायचे. दिवसभरात एक किंवा दोन कार्डे. शब्द सुचवायला आना. मुलाच्या मरणाने ज्या घरात बोलणे संपल्यात जमा होते, त्या घरात नवराबायको पुन्हा बोलू लागतात. त्यांच्या संसारातला सगळ्यात सुखाचा काळ हाच, असे फालाडा सुचवतो. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण पटते.

कादंबरीत शोक करणारी आना एकटी नाही. चौथ्या मजल्यावर रोझेनथाल नावाची म्हातारी ज्यू बाई राहते. तिचा नवरा पकडून नेला आहे, तो कुठे आहे ठाऊक नाही. नाहीशा केलेल्या माणसाचा शोक धड सुरूही करता येत नाही. ती भरल्या घरात, सामानाच्या राखणीला बसल्यासारखी, त्याची वाट पाहत बसते. शेवटी खिडकीतून खाली पडते, आणि कुणी ढकलले की तिने उडी घेतली याचा तपास करायची कुणाला गरज वाटत नाही. टपालवाली एव्हा क्लूगे ही तिसरी. तिचा मुलगा कारलेमान जिवंत आहे. तो एस.एस.मध्ये आहे, पोलंडमध्ये आहे, आणि एका लहान ज्यू मुलाला ठार करतानाचा त्याचा फोटो त्याचा सोबती मिरवत दाखवतो. एव्हा त्या दिवशी मुलाला मनातून मेला म्हणते, पक्ष सोडते, नोकरी सोडते आणि खेड्यात शेतावर राबायला निघून जाते. माझ्या मते ही एव्हा आनापेक्षाही अवघड व्यक्तिरेखा आहे. आनाचा मुलगा मरून निर्दोष राहिला. एव्हाला जिवंत मुलाचे सुतक धरावे लागले, आणि तिच्या सांत्वनाला कुणी येण्यासारखे नव्हते.

आता प्रकाशकाने केलेल्या गोष्टीविषयी. खरी एलिझे १९३६ पासून नाझी महिला संघटनेत होती, आणि फालाडाने आनालाही त्याच संघटनेची सदस्य केली होती. संघटनेच्या कामानिमित्त ती एका बड्या एस.एस. अधिकाऱ्याच्या घरी जाते. कारखान्यात कामाला जाण्यापासून स्वतःला सोडवून घेतलेली त्याची ऐषारामी बायको तिथे भेटते. आना तिला नियमावर बोट ठेवून असे काही फैलावर घेते की संघटनेलाच ही बाई नकोशी होते. हे प्रकरण १९४७ साली पूर्व बर्लिनच्या आउफबाउ प्रकाशनाने गाळले, आनाचे सदस्यत्वही पुसले. प्रतिकारक म्हणजे पहिल्यापासून स्वच्छ, असे त्यांना हवे होते. गंमत अशी, की ओटो आपले कामगार संघटनेतले पद सोडतो ते प्रकरण तसेच राहिले. नवरा स्वतःला सोडवून घेतो हे वाचकाला दिसले, बायकोही तेच करते हे साठ-पासष्ट वर्षे कुणाला कळले नाही. २००९ मध्ये मायकेल हॉफमान यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराने ही कादंबरी जगभर नव्याने गाजली. आपल्याकडे ज्यांनी वाचली त्यांनी बहुधा तेच वाचले. ते भाषांतर जुन्या पाठावरून केलेले होते. फालाडाच्या मूळ हस्तलिखितावरचा संपूर्ण पाठ जर्मनमध्ये २०११ साली आला.

ही काटछाट संपादकीय बारकावा म्हणून सोडून देता येत नाही. राजवटीच्या यंत्रात काही वर्षे स्वतः चालत राहिलेली बाई, मुलगा गेल्यावर, त्या यंत्राचेच नियम त्याच्या तोंडावर फेकते, यात जो मिश्किल धूर्तपणा आहे तो गाळलेल्या पुस्तकातल्या सोशिक आनाकडे नाही. पुढे न्यायालयात तिला अपमानास्पद, अश्लील प्रश्न विचारला जातो: लग्नाआधी किती पुरुषांशी संबंध होता? ती न लाजता एक भलामोठा आकडा ठोकून देते आणि सभागृहाला हसू आवरत नाही. संपूर्ण पाठ वाचलेल्याला हे अचानक वाटत नाही. एस.एस. अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यात तिने तालीम केलेली असते.

प्रस्तावनेत शेवट सांगू नये असा संकेत आहे. पण ज्या पुस्तकाचे नावच शेवट सांगते त्याच्याबाबत तो पाळण्यात अर्थ नाही, आणि आनाच्या वाट्याचे सगळ्यात कठीण पान शेवटाकडेच आहे. चौकशीत गेस्टापोचा अधिकारी तिला शिवीगाळ करत, तिच्या चारित्र्यावरून टोचत बोलते ठेवतो. ती सावध आहे, नवऱ्याविरुद्ध एक शब्द काढत नाही. आणि बोलता बोलता ट्रूडेलचे नाव तिच्या तोंडून निसटते. ट्रूडेल म्हणजे मेलेल्या मुलाची वाग्दत्त वधू. ती एका छोट्या विरोधी गटात होती, नंतर त्यातून बाहेर पडून कार्ल नावाच्या माणसाशी संसार मांडून शांतपणे राहत होती. त्या एका शब्दाने दोघे पकडले जातात. कार्ल तुरुंगात मरतो. ट्रूडेल तुरुंगाच्या वरच्या मजल्यावरून उडी घेते. मधल्या काळात आना आणि ट्रूडेल काही दिवस एका कोठडीत असतात, आणि ट्रूडेल तिला क्षमा करते. पोराच्या आठवणीसाठी जिने सगळे आरंभले, तिच्याच जिभेने त्याच्या आठवणीत उरलेली एकमेव जिवंत व्यक्ती मारली गेली. फालाडा इथे उसासे टाकत नाही, न्यायही करत नाही. चार आठवड्यांत लिहिलेल्या या कादंबरीत योगायोगांची खैरात आहे, जुगारी, भुरटे चोर, खबरे यांच्या भानगडी नको तितक्या लांबतात, काही ठिकाणी लेखणी अडखळते हेही दिसते. पण या पानावर ती अजिबात घसरत नाही.

कार्डांचा हिशेब ओटोला इन्स्पेक्टर एशेरिश ऐकवतो. बर्लिनच्या नकाशावर जिथे जिथे कार्ड सापडले तिथे टाचणीचे झेंडे लावत बसणारा हा माणूस. २७६ कार्डे आणि ९ पत्रे लिहिली. त्यांतली २५९ कार्डे आणि ८ पत्रे लोकांनी आपण होऊन आणून दिली. उरली अठरा. ओटो कोसळतो. एवढ्या खटाटोपातून बदललेला एकच माणूस निघतो, तो खुद्द एशेरिश, आणि तो गोळी घालून घेतो. हिशेबाच्या भाषेत हा सपशेल पराभव. आनाच्या बाबतीत मात्र हा हिशेब लागत नाही, कारण तिने लोक बदलण्याचा विडा उचललेलाच नव्हता. फ्युररसाठी आनंदाने मेला हे मान्य करणार नाही, एवढाच तिचा मुद्दा होता, आणि तो तिने २७६ वेळा मांडला.

या आनाची भावंडे इतर कादंबऱ्या-नाटकांत सापडतात. आपल्याकडे डाव्या चळवळीत वाढलेल्यांनी गॉर्कीची १९०६ची ‘आई’ वाचलेली असते. पण तिचा पावेल तुरुंगात आहे, जिवंत आहे, आणि आईला वाट दाखवणारा तोच आहे. आनाला वाट दाखवायला कुणी नाही. तिच्या अधिक जवळ आहे महाश्वेतादेवींच्या ‘हजार चुराशीर मा’मधली सुजाता. नक्षलवादी मुलाचे प्रेत १०८४ हा क्रमांक लावून तिच्यासमोर येते आणि तिचे स्वतःचे घरदार प्रतिष्ठेपायी त्याचे नाव पुसायला निघते. तिथे सत्तेवर हुकूमशहा नव्हता हे ध्यानात ठेवायला हवे. चिलीचा आरिएल डोर्फमान देशाबाहेर होता तेव्हा त्याने १९८१ साली ‘विधवा’ ही कादंबरी लिहिली. नदीतून वाहत आलेली, ओळख न पटणारी प्रेते आपल्याच माणसांची आहेत असे सांगून गावच्या बायका ती मागू लागतात. आपल्या देशातल्या हुकूमशाहीविषयी बोलण्यासाठी त्याने कथानक नेऊन ठेवले नाझींच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये. अर्जेंटिनाच्या ग्रिसेल्डा गाम्बारोने १९८६ मध्ये ‘अँटिगना फुरिओसा’ लिहिले तेव्हा ब्युनोस आयरेसच्या प्लाझा दे मायो चौकात पांढरे रुमाल बांधून फिरणाऱ्या आयांची एप्रिल १९७७ पासूनची फेरी डोळ्यांसमोर होती. प्रेत दाखवा, नाव द्या, कुठे नेले ते सांगा. यापलीकडे त्या काही मागत नव्हत्या, आणि लष्करी राजवटीला नेमके तेच देता येत नव्हते.

मराठी वाचकापुढे एक अडचण येईल असे वाटते. आपल्या कथा-कादंबऱ्यांतली आई ‘श्यामची आई’पासून सोसणारी आणि संस्कार करणारी आहे, सैनिकाची आई असली तर वीरमाता म्हणून व्यासपीठावर शाल स्वीकारणारी. यात खोटे काही नाही, पण व्यासपीठावर बोलावलेल्या बाईला तिच्या मुलाविषयी तिचे स्वतःचे काही म्हणायचे आहे का, असे निवेदक विचारत नाही. आनाला ते म्हणायचे आहे. तिचा स्वर कडवट आहे, ती नवऱ्याला टाकून बोलते, पहिल्या रात्री तर तिच्याविषयी सहानुभूतीही नीट वाटत नाही. वाचकाने तिला थोडा वेळ द्यावा.

प्लोट्झेनझेत १९३३ ते १९४५ या काळात २८०० हून अधिक माणसे मारली गेली. मृत्युदंडाचा खर्च सरकार मृताच्या घरच्यांकडून वसूल करत असे: कोठडीचे भाडे, शिक्षेची फी, आणि ते बिल पाठवायला लागलेला टपालखर्च. फालाडाने आनाला गिलोटिनखाली दिले नाही. तिला विष देण्याची सोय झालेली असते. ती ते फेकून देते. ओटोला केव्हाच मारलेले आहे हे तिला कुणी सांगत नाही. तो येईल, भेटेल, या भरवशावर ती तुरुंगात जवळजवळ आनंदात राहते आणि एका हवाई हल्ल्यात मरते. शेवटचे प्रकरण एव्हा आणि तिने सांभाळलेल्या मुलाचे आहे, शेताचे, उन्हाचे. मरणावर पुस्तक संपवायचे नाही असे फालाडाने ठरवले होते. मला ते प्रकरण चिकटवल्यासारखे वाटते, अनेकांना आवडते.

वाचकाने शक्य तर २०११ नंतरच्या संपूर्ण पाठावरची प्रत मिळवावी. जर्मन हुद्द्यांची लांबलचक नावे, पेर्सिके पोरांच्या मारामाऱ्या, शर्यतीच्या घोड्यांवर लावलेल्या पैजा यांवरून नजर भरभर फिरवली तरी चालेल. पहिल्या भागातले सतरावे प्रकरण मात्र चुकवू नये. आना त्यात एका श्रीमंत बाईला कामाला जुंपायला निघालेली आहे.